हलाव्याच्या तपेलीचा सूड

मी तांब्याची तपेली बोलतेय. कैरोतल्या शुब्रा भागातल्या एका गल्लीत राहते आणि मनात डूख धरते. आधीच सांगितलेलं बरं.

तांबटाने मला इतकं बडवून जन्माला घातलं, की तेव्हापासून मला कुणाचाच ठोका विसरता येत नाही. तो मेल्याची बातमी आली त्या दिवशी मी चुलीवर रिकामीच खदखदले. शेजारची किटली साक्षीला आहे.

मला विकत आणलं दौलत खालाने. गल्लीतल्या नवऱ्या लग्नासाठी तयार करायच्या त्या तिनेच. ती माझ्यात साखर, लिंबू आणि घोटभर पाणी घालायची. पाक गोळीबंद होऊन मधाच्या रंगावर आला की ओट्यावर ओतायची आणि कोमट झाला की हातांनी ओढून ओढून पांढुरका करायची. त्यालाच आमच्याकडे हलावा म्हणतात. केसांच्या उलट दिशेने अंगावर थापायचा आणि केस वळलेत त्या दिशेने झटकन उपटायचा. चिकट राहिलंच तर कोमट पाण्याने निघून जातं. बायका एक गोळी पायाला, एक तोंडात असं करत गल्लीतली सगळी लफडी चघळून घ्यायच्या.

मग घरात सून आली, शाहीनाज. तिने खालच्या खोलीत पार्लर थाटलं, मेण वितळवायचं मशीन आणलं आणि मला दोन बोटांनी उचललं.

"ई! ही काळी हडळ बघून गिऱ्हाईक पळेल. आई, तुम्हीही आता आराम करा बरं."

आराम म्हणजे काय? दौलत खाला स्वयंपाकघरात मुलूखियाच्या पालेभाजीची पानं खुडत बसली. नवऱ्या तिच्या दारावरून खालच्या खोलीत जायच्या आणि तिचे हात पानांवरच थांबायचे. मला गच्चीवर कबुतरांच्या पाण्यासाठी ठेवलं. कबुतरांनी माझ्यात काय काय केलं ते सांगत नाही, पण विसरलेलेही नाही. मी तिथेच शपथ घेतली, की या पोरीला रडवल्याशिवाय वितळणार नाही.

मेणाबद्दल खोटं बोलणार नाही. मेण झटपट. केसांच्या दिशेने लावा, कापडी पट्टी दाबा, उलट ओढा, झालं. पण ते गरम लावावं लागतं, कातडीलाही धरतं आणि पाण्याला अजिबात जुमानत नाही.

इथेच माझी वेळ आली. रिहामचं लग्न होतं. जन्मापासून गल्लीतली पोर, तिला आजवर हलाव्याशिवाय काही ठाऊक नव्हतं. दुपारी तिला पार्लरमध्ये बसवलं, भोवती मावश्या-आत्यांचा घोळका. शाहीनाजने घाईघाईत दोन्ही पायांना मेण फासलं आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून ती पायरीवर गेली.

"वहिनी, चिकचिक होतंय गं!" रिहाम ओरडली.

"मग पाणी ओता की!" मोठी मावशी म्हणाली. आयुष्यभर तेच केलेलं. तिने पाण्याचा अख्खा जग ओतला.

मेण वरून झाडाच्या सालीसारखं घट्ट झालं, भेगांतून मात्र चिकटच राहिलं. रिहाम घाबरून सोफ्यावर बसली आणि उठली ती सोफ्याची जाळीदार चादर घेऊनच.

"बघ, दुसरा झगाही मिळाला!" एक आत्या म्हणाली. रिहामने भोकाड पसरलं.

अखेर दौलत खालाला बोलावलं. तिने तेल चोळून चादर सोडवली, मेण उतरवलं. केस मात्र जिथल्या तिथे! आणि तेलकट पायावर नवं मेण बसेना.

"साबणाने धुवा, पिठी लावून कोरडे करा," ती म्हणाली. "हलावा करू. माझी तपेली आणा. शाहीनाज, तूच आण, तूच नेली होतीस."

शाहीनाजने कबुतरं हाकलली, मला खाली आणलं आणि राख-लिंबाने घासलं. सगळ्यांच्या देखत. काय सांगू त्या घासण्याचं सुख!

दौलत खालाचे हात तेलात, म्हणून पाकही सुनेलाच करावा लागला. पहिला पाक मी करपवला. दुसऱ्याची पुन्हा साखर केली. तिसऱ्या वेळी स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ती माझ्यावर वाकली आणि पुटपुटली, "चुकलं गं बाई माझं." तेव्हा कुठे मी रंग येऊ दिला.

पण एवढ्यावर माझं मन भरत नाही.

"पाक जिने केला, पहिली गोळी तिलाच," मोठ्या मावशीने रिवाजाची आठवण करून दिली. "हात दाखव."

हात चिनी बशीसारखे गुळगुळीत. पायही तसेच. ओठही.

"अगंबाई, सगळंच मेणाने नेलं की!"

"भुवया आहेत ना!"

"आई, नको ना!" शाहीनाज मागे सरकली.

गल्लीच्या टोकाला वरातीचे ढोल वाजू लागले.

"वहिनी, माझं लग्न आहे गं आज!" रिहाम हुंदका देत म्हणाली.

शाहीनाजने डोळे मिटले. दौलत खालाने गोळी हातात घेतली. दोन केस उपटले असते तरी पाकाची परीक्षा झाली असती. पण तिने अख्खी डावी भुवई झाकली, गोड हसली आणि सर्रकन ओढली. त्या घरात डूख धरणारी मी एकटीच नव्हते!

"उतरलाय पाक!" ती म्हणाली. बायकांनी लग्नातल्या रीतीने जिभा लवलवत असा कल्लोळ केला की ढोलवाले ठेका चुकले. रिहाम वेळेवर वरातीत गेली, पाय रेशमासारखे.

आता मी खालच्या खोलीत शेगडीवर असते आणि माझ्यासमोर दौलत खाला. शेजारी मशीनही आहे. घाई असेल तिने तिकडे जावं, माझं काही म्हणणं नाही. शाहीनाज पेन्सिलने डावी भुवई रेखते. उन्हाळ्यात ती रेघ गालावर ओघळते.

काल ती एका गिऱ्हाइकाला हळूच म्हणाली, "तपेलीकडे बघू नका, फार जुनाट आहे."

मी ऐकलं.

येते आता, बुडाला आच लागली. तुम्ही आमच्या गल्लीत आलात तर शाहीनाजला माझा एवढा निरोप द्या, उजवी अजून शिल्लक आहे.