पडद्यावरचा पांढरा

अंजूने मॉनिटरच्या पाठीत एक चापट ठेवून दिली. पडदा पिवळाच राहिला. सहा वाजून गेले की तो असाच हळूहळू पिवळा पडायचा आणि सकाळी पुन्हा लख्ख व्हायचा. केबल बदलून झाली, शाळेतला दुसरा मॉनिटर आणून लावून झाला, काही फरक नाही. कम्प्युटरवरचे हे लिनक्स तिच्या जिवावर उठले होते.

खरा राग मात्र आईवर, रुपीबाईवर होता. नागपूरच्या एका दुकानाने कशिद्याच्या तीस पिशव्या परत धाडल्या होत्या. पहिलीच मोठी ऑर्डर, आणि कारण एका ओळीचे: किनार पांढरी हवी होती, पिवळट आली. नक्षी अंजू कम्प्युटरवर करायची. रुपीबाई शेतातून आली की संध्याकाळी दोऱ्याच्या लड्या पडद्याला लावून रंग जुळवायची. चाळीस वर्षे कशिदा करणाऱ्या बाईला पांढरा ओळखू येऊ नये? अंजूने बंजारा तांड्यातल्या बायकांसमोर तिला नको ते सुनावले होते. त्याला दोन दिवस झाले. तेव्हापासून रुपीबाईने सुई हातात धरली नव्हती.

अंजूने पडद्याचा स्क्रीनशॉट काढून पांढरकवड्याला राहणाऱ्या भावाला, बादलला पाठवला. लिनक्स त्यानेच बसवून दिले होते. लगेच त्याचा फोन आला. त्याच्या मोबाइलवर सगळे स्वच्छ पांढरे दिसत होते. अंजू भडकली, मी काय आंधळी आहे का, असे काहीबाही बोलली. बादलने ऐकून घेतले. म्हणाला, स्क्रीनशॉट पांढरा आहे म्हणजे रंग ठीक आहेत. पिवळेपणा शेवटी पडद्यावर चढतो. डोळ्यांना त्रास नको म्हणून सूर्य मावळला की आपोआप सुरू होणारी एक सोय असते. ती कुठे सापडेल तेही त्याने सांगितले.

नाइट लाइट, चालू. डोळे चुरचुरतात म्हणून गेल्या महिन्यात आपणच ते दाबले होते, हे अंजूला आता आठवले. तिने ते बंद केले. पडदा पांढरा झाला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. या वेळी स्वतःवर.

रुपीबाई ओसरीवर तूर पाखडत होती.

"याडी, चूक माही होती. पडदाच पिवळा होता. तुले तरी कसं समजणार?"

"मले समजलं होतं." सूप थांबले नाही. "पहिल्याच दिवशी. हा पांढरा नाही, हे मले दिसत होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"दिवाळीत मी माह्या मनानं लाल दोरा घेतला, तवा तू काय म्हणली? कम्प्युटर दाखवते तोच रंग घ्यायचा, आपलं डोकं चालवायचं नाही. मंग तोच घेतला."

अंजू आत गेली. पांढऱ्या दोऱ्याच्या तीन लड्या आणून तिने आईपुढे धरल्या.

"यातला कोणता घेऊ?"

रुपीबाईने मान वर केली नाही.

"तुह्या कम्प्युटरले इचार," ती म्हणाली आणि सुपातले खडे वेचू लागली.