सातव्या घराचा शिक्का

मी गल्लीतला फिरता फलक बोलतोय. बोलण्याचा अधिकार मला आहे की नाही, याची खात्री नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सूचना छातीवर वागवल्या, स्वतःची ओळ कधी लावली नाही. तेव्हा काही चुकलं तर आधीच माफी मागून ठेवतो.

जाड पुठ्ठा, त्यावर हिरवं रेक्झिन, डोक्यावर चाप आणि अडकवायला दोरी, असा माझा देह. तोक्योच्या पूर्वेला, निशिकासाईत, कालव्यामागच्या गल्लीत बारा घरं आहेत. पहिल्या घरातले कितझुमेसान आमचे गटप्रमुख. ते माझ्यावर सूचना लावतात. प्रत्येक घरानं ती वाचायची, यादीत आपल्या नावासमोर लाल शिक्का मारायचा आणि मला पुढच्या दाराला अडकवायचं. बाराव्या घरातून मी परत कितझुमेसानकडे. चार दिवसांत फेरी पूर्ण. सव्वीस वर्षं हे चाललं. चपलांच्या कपाटापलीकडे मला कुणी आत नेलं नाही, आणि मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

मग सातव्या घरात तमिळ कुटुंब आलं. इळंगो आणि त्याची बायको तेनमोळी, दोघंही संगणकाच्या कामावर जाणारी. सोबत इळंगोची आई, विशालाक्षी.

एका गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या दाराला लटकलो.

"तेनमोळी! दाराला काहीतरी टांगून गेलेत बघ. जप्तीबिप्ती नाही ना?"

"नाही हो अत्तै," असं सासूबाईंना म्हणत सूनबाईंनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि भाषांतरासाठी मोबाइल माझ्यावर धरला. "कचऱ्याचे वार दिलेत. पुढच्या आठवड्यात, रविवारी सकाळी आठला, सगळ्यांनी मिळून गटार साफ करायचं. कुणाचं तरी मांजर हरवलंय. वाचून शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायचं."

"मांजर कुठल्या रंगाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"करडं."

सव्वीस वर्षांत मांजराचा रंग कुणी विचारला नव्हता. मी तिथेच त्या घराचा झालो.

"पण अत्तै, शिक्का यांच्या ऑफिसच्या खणात राहिलाय."

"त्यात काय अडलंय? सगळ्यांचे लाल आणि गोलच आहेत ना?" विशालाक्षीबाईंनी देवासमोरचा करंडा उघडला, अनामिका कुंकवात बुडवली आणि सातव्या चौकटीत टेकवली. लाल होतं. गोलही होतं.

"चला, देऊन येते," तेनमोळी म्हणाली.

"शेजारणीच्या दारात रिकाम्या हातानं? मुरुक्कू तळते उद्या." मुरुक्कू म्हणजे आपल्या चकलीची सख्खी बहीण.

"मग उद्या देऊ."

"उद्या शुक्रवार. शुक्रवारी घरातली लक्ष्मी बाहेर देत नाहीत."

"अत्तै, ही लक्ष्मी नाही. गटाराची सूचना आहे."

"लिहिलेलं आहे ना? मग सरस्वती. तीही शुक्रवारी जायची नाही."

शनिवारी निघायच्या वेळेला राहुकाळ लागला. शेवटी दुपारी मी आठव्या दारी पोचलो, गळ्यात मुरुक्कूची बरणी घेऊन.

आठव्या घरात हामासाकीबाई एकट्या राहतात. वय ऐंशी. "अगं बाई, सूचनेबरोबर खाऊ?" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी एक तुकडा मोडला, मग दुसरा, मग खुर्ची ओढून बसल्या. पण आमच्याकडे भेटीची परतफेड केल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरणीत मुरवलेला मुळा भरला, मला काखेत मारलं आणि निघाल्या ते मागे, सातव्या घराकडे! मी आयुष्यात कधी मागे गेलो नव्हतो.

इकडे विशालाक्षीबाई रिकामी बरणी परत करणार नव्हत्या. लिंबूभात गेला. तिकडून चेस्टनटचा भात आला. इकडून अधिरसम गेलं, म्हणजे अनारशाचं दाक्षिणात्य भावंड. प्रत्येक खेपेला मी काखेत. हामासाकीबाई जपानीत बोलत, विशालाक्षीबाई तमिळमध्ये, आणि दोघी मधूनमधून एकमेकींचं म्हणणं खोडूनही काढत. एके दिवशी दोघींनी आपापले गुडघे दाखवून कुणाचा जास्त दुखतो याचा निकाल लावला. पुढच्या घराची आठवण मला होती. पण मी बोलायला हवं होतं की नको, हे ठरवता ठरवता आठवडा गेला.

रविवारी सकाळी आठला गटारावर आठच घरं हजर. नववं ते बारावं घर गाढ झोपेत. कितझुमेसान मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चूक दिसली की ती कुठून सुरू झाली ते शोधतात. मला सातव्या घरातून जप्त केलं आणि सगळ्यांसमोर उजेडात धरलं.

"हा डाग कसला?"

"लिंबूभाताचा," तेनमोळी म्हणाली.

"आणि हा शिक्का?" त्यांनी बोट फिरवलं. बोट लाल झालं. "शिक्का पुसला जात नसतो, बाई!"

"उशीर माझ्यामुळे झाला," हामासाकीबाई पुढे झाल्या. "बरणी रिकामी कशी परत करू?"

"तुम्ही मध्ये पडू नका. सूचना आणि लोणची एकत्र फिरणार नाहीत!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्यावर नवा कागद चढवला: सातवे घर फेरीतून वगळावे, हरकत नसल्यास शिक्का मारावा. तो कागद घेऊन मलाच दारोदार जायचं होतं. पहिल्या सहाही घरांचे शिक्के पडले. कितझुमेसान सोडून बाकीच्या पाचांनी रागानं नव्हे, न वाचता शिक्का मारायच्या सवयीनं मारले. ही सवय मला सव्वीस वर्षं ठाऊक आहे. कुणाला बोललो नव्हतो.

सातव्या घरात विशालाक्षीबाईंचं बोट करंड्यात बुडालेलंच होतं. "सहा जणांनी मारलाय, आपण कशाला अडवायचं?"

"अत्तै, थांबा! आपल्यालाच काढतायत."

बाईंनी बोट पदराला पुसलं. म्हणाल्या, "मग शेजारी मी कशाच्या निमित्तानं जाऊ? तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. या गावात माझ्याशी बोलणारी ती एक."

तेनमोळीनं मला उचललं आणि तडक पहिल्या घराची घंटी वाजवली.

"कितझुमेसान, उशीर झाला, चूक आमची. माफी मागते." ती कमरेत वाकली. "पण वगळू नका, शेवटी टाका. आमच्यानंतर कुणी खोळंबणार नाही. फलक थेट तुमच्या हातात येईल."

"क्रम बदलता येत नाही."

"नियमात क्रम लिहिलाय का?"

कितझुमेसान नियमांची वही घेऊन आले. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. माणूस प्रामाणिक. "नाही लिहिलेला," ते म्हणाले, आणि चेहरा असा झाला की मला त्यांचीच काळजी वाटली. मग त्यांनी कागद माझ्यावरून काढून त्याची घडी घातली. "शिक्का मात्र खरा हवा."

"आजच आणते."

पुढची फेरी अकरा घरं करून वेळेत सातव्या दारी आली. तिथून खरा शिक्का घेऊन मी कितझुमेसानकडे गेलो. अर्थात बरणीसकट. त्यांनी बरणीकडे बराच वेळ पाहिलं. तीन दिवस घरात येरझारा घातल्या. चौथ्या दिवशी घरच्या खारवलेल्या आलुबुखारांनी बरणी भरली आणि मला घेऊन सातव्या घरी गेले. आत हामासाकीबाई आधीच चहा पीत बसलेल्या, माझ्याशिवाय. त्यांना आता निमित्त लागत नव्हतं. आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं, खोटं का सांगू?

विशालाक्षीबाईंनी फळ तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "आंबट ठीक आहे. पण तिखट कुठंय?"

"फार आवडलं म्हणतायत," तेनमोळीनं सांगितलं.

"त्यांचा चेहरा तसं म्हणत नाही," कितझुमेसान म्हणाले. "काय कमी आहे ते मोजून सांगायला सांगा."

तेव्हापासून लोणच्याची मोजमापं चालू आहेत. मी त्या घराच्या टेबलावर आडवा, छातीवर बरणी. कितझुमेसान रोज मला न्यायला येतात आणि दुसरंच काहीतरी घेऊन जातात. आज अकरावा दिवस. अकरा दिवसांत गल्लीत एकही सूचना फिरलेली नाही. कचरा आपल्या वारी जातो, गटार वाहतं, माणसं एकमेकांना दारात हाक मारून काय ते सांगतात. माझ्यावाचून काहीच बिघडलेलं नाही.

एवढं वाचलंत, आभार. ही शेवटची गोष्ट तेवढी कितझुमेसानच्या कानावर घालू नका. आणि जमल्यास मलाही पुन्हा वाचून दाखवू नका.