भाव न घालता

तालीम

कलाक्षेत्रासाठीच्या नव्या कायद्याच्या सरकारी मसुद्यातलं एक वाक्य आमच्या मुळावर उठलं होतं. दोनशेपेक्षा कमी खुर्च्या असलेली जागा सभागृह धरली जाणार नाही.

आत्याच्या जागेत साठ खुर्च्या. खाली टायरचं दुकान, वर नाटक. ऊन वाढलं की पहिल्या रांगेपर्यंत रबराचा वास येतो. जी जागा सभागृह नाही, तिला पुढच्या वर्षापासून तिकीट विकता येणार नाही. आणि तिथे राबणारी माणसं, म्हणजे लाइटवाला, कपडेवाल्या ताई, विंगेत बसून वाक्यं पुरवणारी प्रॉम्प्टर म्हणजे मी, ही कलाक्षेत्रातले कामगारच नव्हेत. विमा, आजारपणातला आधार, मसुद्यात जे जे चांगलं होतं ते सगळं दोनशे खुर्च्यांच्या पलीकडे.

समितीनं संस्थांना सुनावणीला बोलावलं. संस्थेमागे एक वक्ता, थोडीशी मिनिटं.

बोलणार कोण, हा प्रश्नच नव्हता. माझे बाबा. जन्मभर राजांची कामं केली म्हणून सगळे त्यांना राजे म्हणतात. आत्या त्यांची धाकटी बहीण. ती दादा म्हणते, टोमणा मारायचा असला की तीही राजे.

भाषण मी लिहिलं. मग आम्हाला जे येतं तेच आम्ही केलं.

बाबा : (उभे) अध्यक्ष महोदय, आमची जागा लहान आहे.

आत्या : 'लहान'वर थांब.

बाबा : थांबलो की.

आत्या : कुठे थांबलास? गाडी सुटल्यासारखा पळतोयस.

लाइटवाला : राजे, खिडकीकडे तोंड करा. चेहऱ्यावर उजेड येईल.

मी : तिथे खिडकी कुठल्या बाजूला आहे, कुणाला माहितीय?

लाइटवाला : बघून येतो.

तो खरंच बघून आला. डावीकडे होती.

कपडेवाल्या ताईंनी कोपरावर विरलेला कोट काढला. "परिस्थिती दिसली पाहिजे," त्या म्हणाल्या, "पण इस्त्री केलेली."

मी लिहिलेल्या भाषणात शेवटी एक मागणी होती : खुर्च्यांची अट काढा. तालमीत ती लांब वाटायला लागली. आधीच्या वाक्यावर असा काही शेवट साधत होता, की त्यानंतर काहीही बोलणं म्हणजे पडदा पडल्यावर पुन्हा स्टेजवर येणं. आत्या म्हणाली, काट. मी काटली. कुणालाच काही खटकलं नाही. आम्ही नाटकवाले. शेवट चांगला झाला की आम्हाला वाटतं, काम झालं.


प्रयोग

लांब टेबल. पलीकडे समिती, मधोमध अध्यक्ष, भला माणूस वाटत होता. टोकाला नोंद घेणाऱ्या बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

आमच्या आधी मोठ्या सभागृहांच्या संघटनेचा माणूस बोलला. सर्दी झाल्यासारखा आवाज. "कलम अमुक, त्यात हा शब्द घाला. कलम तमुक, त्यातला तो शब्द काढा." बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "ह्याला कुणी उभं केलं रे बाबा! दुसऱ्या अंकापर्यंत खुर्च्या रिकाम्या होतील."

मग बाबा उठले. खिडकीकडे वळले.

"अध्यक्ष महोदय, आमची जागा लहान आहे."

थांबले. काय थांबले! पंखासुद्धा हळू झाला असेल. ती जागा कशी उभी राहिली, पावणेदोन फुटांवरून एखाद्या अनोळखी माणसाचं रडणं ऐकणं म्हणजे काय, नट आजारी पडला की कपडेवाल्या ताई त्याच्या उशाशी कशा बसतात, आणि ताई आजारी पडल्या की कोण बसणार. शेवटचं वाक्य ते इतकं हळू म्हणाले की अख्खी समिती पुढे झुकली.

मग टाळ्या. अध्यक्षांनी डोळे पुसले. नोंद घेणाऱ्या बाई तर दोन्ही हातांनी वाजवत होत्या.

दोन्ही हातांनी.

मी त्यांच्या पेनकडे पाहिलं. ते टोपण लावून टेबलावर आडवं पडलं होतं.


मध्यंतर

बाहेर, पाण्याच्या मशीनपाशी.

बाबा : अध्यक्ष रडले. पाहिलंस? सरकार रडलं!

आत्या : त्या बाईनं काही लिहिलं नाही.

बाबा : लिहायचं कसं? भारावली होती.

आत्या : त्या सर्दीवाल्याचं सगळं लिहिलं. पानं भरली.

बाबा : तो काय बोलला? नुसती कलमं!

आत्या : तेच म्हणतेय मी, दादा. आपण काय मागितलं?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, वाक्य आठवत नसलं की पाहतात तसं. आणि पहिल्यांदाच माझ्याकडेही द्यायला वाक्य नव्हतं. ते आम्ही काटलं होतं.

आतून निरोप आला. कुणाला पुरवणी म्हणून काही सांगायचं असेल तर जेवणानंतर थोडा वेळ आहे. वक्ता मात्र तोच, नाव नोंदवलेला.

"जमेल," बाबा म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणून पाहिलं. "अध्यक्ष महोदय, खुर्च्यांची अट..."

दोन शिपाई चालता चालता थांबून ऐकायला लागले.

"बघ," आत्या म्हणाली. "झाली गर्दी."

"मी काय करू? मला दुधाचा हिशेबसुद्धा साधा सांगता येत नाही. समोरचा ऐकतच बसतो."

"राजे आहात ना."

बाबा चिडले नाहीत. बाकावर बसले. विरलेल्या कोपरावरून बोट फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "तू मला वाक्य देतेस तेव्हा आवाजात काय घालतेस?"

"काहीच नाही. प्रॉम्प्टरनं भाव घालायचा नसतो. मी घातला तर तुम्हाला तुमचा घालायला जागा राहणार नाही."

"म्हणजे नुसतं वाक्य."

"नुसतं वाक्य."

"मग मागे बस आणि दे. तू देशील तसंच म्हणतो."


दुसरा प्रयोग

बाबा बसूनच बोलले. मी मागच्या खुर्चीवर, ओठ त्यांच्या कानाशी. मी वाक्य देत होते, ते तसंच म्हणत होते.

"मसुद्याच्या तिसऱ्या कलमातली खुर्च्यांची अट काढावी." तिसऱ्या कलमातली खुर्च्यांची अट काढावी.

"जागा सुरक्षित असावी, एवढी अट पुरे." एवढी अट पुरे.

"अशा जागेत रंगमंचामागे काम करणाऱ्यांनाही कामगार धरावं." धरावं.

एका ठिकाणी त्यांचा आवाज वर जायला निघाला. 'रंगमंचामागे' हा शब्द नुसता म्हणणं त्यांना सहन झालं नाही. मी त्यांच्या पाठीवर बोट टेकवलं. आवाज खाली आला. पाठ मात्र, वजन उचलताना होते तशी, ताठ झाली होती.

समितीतल्या एकानं जांभई दिली. दुसऱ्यानं मोबाइल पाहिला. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत होते. सकाळच्या त्या बाबांना शोधत असावेत.

नोंद घेणाऱ्या बाईंनी हात वर केला. "थांबा. अट कमी करायची की काढूनच टाकायची?"

बाबा माझ्याकडे वळले. ह्याच्या उत्तराचं वाक्य मी दिलेलं नव्हतं. मी कानाशी गेले, पण आत्या मागून मोठ्यानं म्हणाली, "काढूनच टाकायची, बाई."

"वक्त्यानं सांगावं."

"काढून टाकायची," बाबा म्हणाले.

बाईंनी लिहिलं. वाचून दाखवलं. शब्द आमचेच होते, आणि बाईंच्या तोंडी ते अगदी सरकारी वाटले. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

टाळी एकही नाही.

सुनावणी संपल्यावर जिन्यापाशी अध्यक्षांनी बाबांना गाठलं. "तुमची मागणी आली बरं का नोंदीत. पुढच्या बैठकीत घेतो, तिथे मोठ्या सभागृहांची माणसं विरोध करतील, पण मी मांडेन." मग त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "पण काय हो, सकाळी काय बोललात! घरी जाऊन सांगणार आहे मी. आणि दुपारी एकदम... तब्येत बरी नव्हती का?"

मी बाबांकडे पाहिलं. प्रयोगाला टाळी कमी पडली तर त्या रात्री न जेवणारा माणूस. आत्या काहीतरी बोलायला पुढे झाली. बाबांनी तिला हातानंच थांबवलं.

"हो," ते म्हणाले. "वय झालं आता. दुपारनंतर दम टिकत नाही."

"काळजी घ्या," अध्यक्ष म्हणाले. बाबांच्या खांद्यावर थोपटून ते जिना उतरायला लागले. खालचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत बाबा कठडा धरून तसेच उभे राहिले.