ओटीपी कुणालाही सांगायचा नाही

तिच्या गावात तिला सगळे स्टुडिओबाई म्हणायचे. नवरा गेल्यावर त्याचा फोटो स्टुडिओ तिनं एकटीनं चालवला, आणि नुसता चालवला नाही, गाजवला. पासपोर्टचा फोटो, नोकरीच्या अर्जाचा, लग्न जमवायचा. गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या स्टुलावर बसून गेलं होतं. "हनुवटी जरा वर. हसू नका. रडवेलं तोंडही नको. साधा चेहरा ठेवा," असं ती दरडावायची आणि भलेभले चिडीचूप बसायचे. नाकावर माशी बसू न देणारी बाई. ती आज परदेशात, मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात, स्वतःच्या पैशानं स्वतःचं परतीचं तिकीट काढता येत नाही म्हणून हात चोळत बसली होती.

हे झालं कसं, तर फार प्रेमानं झालं. मुलानं तिला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. कंपन्यांच्या कॉम्प्युटरात चोर शिरू नयेत म्हणून पहारा देणं हे त्याचं काम, त्यामुळे त्याला जागोजागी चोर दिसायचे. पहिल्याच आठवड्यात त्यानं आईला समोर बसवलं आणि पाढे म्हणून घ्यावेत तसे नियम म्हणून घेतले. बाहेरच्या फुकट वाय-फायवर बँक उघडायची नाही. आलेली लिंक दाबायची नाही. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही, कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावायचा. आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

"कुणालाही म्हणजे कुणालाही हं आई. मी मागितला तरी नाही."

"बरं बाबा. नाही सांगणार."

"आणि तुझं तिकडचं सिम इथे धड चालणार नाही. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांना हे लोक बरोबर हेरतात. खात्याला माझा नंबर लावून टाकू. म्हणजे काही गडबड झाली तर मला आधी कळेल."

म्हातारी म्हटल्याचा राग आला होता, पण तो तिनं गिळला. आपलं पोरगं आपली एवढी काळजी करतंय म्हणून तिचा ऊर भरून आला होता. फोन तिनंच हातात धरला, हो म्हणायचं बटण तिनंच दाबलं. त्या दिवसापासून तिच्या खात्याचा ओटीपी मुलाच्या खिशात यायला लागला. कुणालाही सांगायचा नाही, यातल्या कुणालाहीमध्ये आपणही आलो, हे तिच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

तीन महिने संपले तेव्हा सुनेची बढती तोंडावर आली होती. तिकीट पुढे ढकललं. मग पाळणाघरातून नात रोज ताप घेऊन यायला लागली, म्हणून पाळणाघर बंद केलं आणि तिकीट पुन्हा पुढे गेलं. नातीचं नाव घरात भिंगरी पडलं होतं, अडीच वर्षांची, एका जागी म्हणून ठरायची नाही. आजीशिवाय जेवायची नाही, आजीशिवाय झोपायची नाही. सून रोज संध्याकाळी म्हणायची, "आई, तुम्ही आहात म्हणून चाललंय बघा." ते शंभर टक्के खरं होतं, आणि तिथंच तर घोडं अडत होतं. कुणी छळलं असतं तर ती तोंड वाजवून निघून गेली असती. इथं सगळे गोड होते.

घराच्या दाराला किल्लीच नव्हती. आकडे दाबले की दार उघडायचं आणि उघडल्याची वर्दी मुलाच्या फोनवर जायची. ती लिफ्टनं खाली उतरेपर्यंत फोन वाजायचा, "आई, बाहेर निघालीस? सगळं ठीक ना?" हॉलच्या फळीवर एक पांढरी डबी होती. ती भिंगरीवर लक्ष ठेवायला आणलेला कॅमेरा. त्यातून मुलगा ऑफिसात बसून बघायचा, कधी कधी बोलायचाही. आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिलेली बाई दिवसभर कॅमेऱ्यासमोर भाजी निवडायची, पाय दुखले तरी ते लांब करायला लाजायची. गुदमरायला व्हायचं तिला. पण सांगणार कुणाला आणि काय? मुलगा फार काळजी घेतो हो, असं?

मग एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, गाळामालक येऊन गेला. दोन महिने भाडं नाही म्हणतो."

"असं कसं होईल? ते खात्यातून आपोआप जातं."

"गेलं नाही. आणि करार या महिनाअखेरीला संपतोय. तू स्वतः येऊन सही केलीस तर गाळा तुझा, नाही तर मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण पैसे घेऊन दारात उभाच आहे. भावजींच्या वेळेचा मोठा कॅमेरा, पडदे, दिवे, सगळं काढून घ्या म्हणतोय. मी कुठे ठेवू?"

जेवताना तिनं विषय काढला. मुलानं पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, "हो, मीच थांबवलं ते. बंद दुकानाचं भाडं कशाला भरायचं? उगाच पैसे जात होते."

"मला विचारलंस?"

"आई, आता स्टुडिओत जाऊन फोटो कोण काढतं? फोनवर काढतात लोक. तुला आता आराम हवा."

"मला आराम नकोय. मला गाळा हवाय. माझं तिकीट काढ."

"काढू ना. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात गाळाच राहणार नाही!"

तिचा आवाज चढला तशी भिंगरी रडायला लागली, आणि मग भिंगरीलाच समजावण्यात जेवण संपलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तिकीट काढायला घेतलं. पासपोर्ट मुलाच्या कपाटात होता, पण त्या कपाटाला कुलूप नव्हतं. तिनं नाव घातलं, तारीख घातली, कार्डाचे आकडे घातले. शेवटी स्क्रीनवर चौकोन आला, ओटीपी टाका. ती त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिली. तेवढ्यात फळीवरची डबी बोलली, "आई, घाबरू नकोस हं! तुझ्या कार्डावरून कोणीतरी विमानाचं तिकीट काढत होतं. मी अडवलंय."

"अरे, मीच..."

"तू काही दाबू नकोस. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी तो हसला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सांगायचं ना मग." म्हणजे पुन्हा तेच. सांगायचं, आणि तो पुढच्या महिन्यात बघणार. त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली. मुलाची नाही. आपण आता काहीही करायला निघालो तरी ते चोरीसारखं दिसणार, याची.

तिचं जुनं सिम पर्समध्ये एका चुरगळलेल्या कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं. धाकटीनं ते अधूनमधून रिचार्ज करून जिवंत ठेवलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तिनं टाचणीनं फोनचा कप्पा उघडला, सिम बदललं आणि कार्डाच्या मागचा नंबर लावला. नियम मुलाचेच, आणि सगळे पाळले.

बँकेतली मुलगी म्हणाली, "मॅडम, नंबर बदलता येईल, पण व्हिडिओवर ओळख पटवावी लागेल. ओळखपत्र हातात ठेवा. खोलीत तुमच्याशिवाय कोणी नको."

वेळ मिळाली ती इथल्या दुपारची, नेमकी भिंगरीच्या झोपेची. तिनं पोरीला लवकर जेवू घातलं, थोपटून झोपवलं, पाय न वाजवता आपल्या खोलीत आली. खिडकीचा पडदा अर्धा सारला, भिंतीवर पांढरी चादर लावली, स्टुलावर ताठ बसली. हे सगळं हातांनी आपसूक केलं. फक्त या वेळी स्टुलावर ती स्वतः होती.

बँकेतली मुलगी स्क्रीनवर आली. ओळखपत्र दाखवून झालं. मग ती थांबली. "मॅडम, चेहरा जुळत नाही असं येतंय. चष्मा काढता?"

तिनं चष्मा काढला. बँकेकडचा फोटो तिनंच तिच्या स्टुडिओत काढलेला होता, गाल भरलेले, नजर रोखलेली. त्या बाईशी आपण जुळत नाही? आपण एवढ्या बदललो?

"हनुवटी जरा वर घ्या," मुलगी म्हणाली. "हं. आता जुळलं."

आणि तेवढ्यात दार ढकलून भिंगरी आत आली. डोळे चोळत, एक मोजा पायात आणि एक हातात.

"मॅडम, कोणी आलं का? दुसरं कोणी असेल तर मला हे बंद करावं लागेल. मग पुढची वेळ पुढच्या महिन्यात मिळेल."

पुढच्या महिन्यात. इथंही पुढचा महिनाच.

"एक मिनिट द्या," ती म्हणाली. तिनं भिंगरीला उचललं, हॉलमध्ये सतरंजीवर बसवलं, ठोकळ्यांचा डबा पुढ्यात ओतला, आत आली आणि दाराला कडी लावली. आजवर तिनं त्या पोरीवर कधी दार लावलं नव्हतं.

ठोकळ्यांनी भिंगरी फसली नाही. आधी एक थाप पडली, मग पाच-सहा, मग दोन्ही हातांनी दणादण. "आजी! आजी, उघड! आजी, मी गुणी आहे!"

"मॅडम, बाहेर कोण रडतंय?"

"नात आहे माझी. तुम्ही विचारा."

"आता खात्याला लावलेला नंबर कुणाचा आहे?"

"मुलाचा."

"तो तुमच्या परवानगीशिवाय लावला होता का? तसं असेल तर आधी तक्रार नोंदवावी लागेल."

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बटण तिनंच दाबलं होतं. "परवानगीनं लावला होता. मीच दिली होती. आता परत घ्यायची आहे."

"आत्ता तुम्ही कुणाच्या दबावाखाली नाही ना?"

दाराबाहेर भिंगरीचा आवाज फाटला होता. आता ती शब्द सोडून नुसती रडत होती. सगळा दबाव त्या दारावर होता, अडीच वर्षांच्या दोन तळहातांचा. उठून कडी काढावी, चूक झाली म्हणावं आणि पोरीला पोटाशी धरावं, असं तिला इतकं वाटलं की पाय खरंच सरकले.

"नाही," ती म्हणाली.

"मग आता शेवटचा फोटो घेते. डोळे पुसू नका, मॅडम, हात मध्ये येतोय. हलू नका. साधा चेहरा ठेवा."

आयुष्यभर तिनं लोकांना हेच सांगितलं होतं. किती अवघड गोष्ट आपण किती सहज मागत होतो, हे तिला त्या स्टुलावर बसून कळलं. तिनं दात आवळले, हनुवटी वर धरली आणि चेहरा साधा ठेवला.

"झालं. तुमचा नंबर लागला."

तिनं कडी काढली. भिंगरी दाराला टेकूनच होती, ती तिच्या पायांवर कोसळली. तिनं तिला उचलून घेतलं. पोरीनं एका मुठीत तिचा गळा आवळावा तशी कॉलर धरली, दुसऱ्या मुठीत उजव्या हाताची बोटं, आणि हुंदके देत खांद्यावर डोकं टाकलं.

डबी ओरडली, "आई! आई, ऐकतेस का? तुझ्या खात्यावरून माझा नंबर कोणीतरी काढलाय! कुणाचा फोन आला होता का? काही सांगितलंस का कुणाला? भिंगरी का रडतेय?"

ती फोन फळीवर ठेवून डबीसमोर उभी राहिली, फोटोला राहतात तशी, अगदी समोर.

"कोणीतरी नाही रे. मीच काढला."

डबीतून आवाज आला तो एकदम बारीक. लहानपणी फुलदाणी फोडल्यावर यायचा तसा. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुझ्यावर आहे. पण मला घरी जायचंय. सही करते, दिवे पुसते, दुकान उघडते, मग बोलाव मला, पुन्हा येईन. पण परतीचं तिकीट माझ्या हातात असेल."

"आणि भिंगरी?"

खांद्यावरचे हुंदके मंदावले होते. पोरीला झोप लागत होती, पण मुठी सुटल्या नव्हत्या. तिनं डाव्या हातानं फोन पुढे ओढला, अर्धवट राहिलेलं तिकीट उघडलं, पैसे भरायचं बटण दाबलं. फोन तिच्याच हातात थरथरला.

डबीतला आवाज नरमला होता. "बरं. जा तू. पण घाईत चुकशील. काय ओटीपी आलाय तो मला सांग, मी भरून देतो."

ती हसली, आणि हसताना डोळे भरले ते तिनं आता पुसले नाहीत.

"कुणालाही सांगायचा नाही, बाळा. तूच शिकवलंस."

मग तिनं आपला उजवा हात भिंगरीच्या मुठीतून सोडवायला घेतला, झोपमोड होऊ नये असा, एकेक बोट करत. सगळी बोटं सुटल्यावर तिनं आकडे दाबले.