खिडकीतली चोवीस कार्डं

कार्ड: खिडकी, वरचा कप्पा, डावीकडून तिसरं

*या प्लेअरवर गाणारी बाई एक पाऊल पुढे येते. तिच्या मागे हवा आहे. फोनवर ऐकलंत तर ती हवा सापडणार नाही. — कुसाका*

हे मी लिहिलं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, निळा मार्कर. पाच ओळींपेक्षा जास्त मावत नाही, मावलं तरी कोणी वाचत नाही. निप्पोनबाशीच्या या इलेक्ट्रिक बाजारातलं गिऱ्हाईक छापील माहितीकडे बघतही नाही, हातानं लिहिलेलं कार्ड मात्र चष्मा वर करून वाचतं, कारण खाली नाव असतं. उद्या भांडायला कोणाकडे यायचं ते कळतं.

आमच्या खिडकीत चोवीस प्लेअर होते. त्यांनी फोन लागत नाही, फोटो निघत नाही, फक्त गाणी वाजतात. चोवीस कार्डं. चोवीसही कार्डांखाली माझं नाव. बारा वर्षं.

कार्ड: अजून न लावलेलं, मालकीणबाईंच्या हातचं

*दुसरं यंत्र कशाला? आहे त्या फोनला शेपूट लावा!*

शेपूट म्हणजे बोटभर तार, आत आवाज सुधारणारी चिप. एक टोक फोनमध्ये, दुसऱ्या टोकाला इयरफोन. दुकानात आम्ही तिला शेपूटच म्हणतो.

"वाचलंत का कुसाकासान?" मिनेगिशी बाई म्हणाल्या. दुकान त्यांचं. त्याआधी त्यांच्या वडिलांचं होतं, तेव्हा इथे रेडिओचे सुटे भाग मिळायचे.

"वाचलं."

"कसं वाटलं?"

"अक्षर छान आहे."

"अक्षराचं कोण विचारतंय? नवीन वर्षापासून खिडकीत शेपटं. तुमचे प्लेअर जिन्याखाली. गेल्या महिन्यात किती प्लेअर गेले? दोन. त्यातला एक होरिउचींनी नेला, आणि होरिउची काही गिऱ्हाईक नाहीत, ते तर दुकानाचे जावईच झालेत."

"बाई, शेपटावर तसं वाजत नाही."

"मला तर सारखंच वाजतं."

"तुमचे कान..."

"बोला, बोला, थांबलात का? माझे कान साठ वर्षांचे आहेत. गिऱ्हाइकांचेही आता तेवढेच झालेत, हे तुमच्या लक्षात आलंय का?"

मला राग आला. मी म्हणालो, आपल्या शौकीन गिऱ्हाइकांच्या शनिवारच्या बैठकीत डोळे झाकून ऐकायला लावू. वरच्या कप्प्यातला प्लेअर, तुमचा फोन-शेपूट, मध्ये इकडून तिकडे करणारा एक खटका. पाच माणसं, प्रत्येकानं दहा वेळा ओळखायचं, कोणतं वाजतंय. पन्नासातले पस्तीस बरोबर आले तर खिडकी माझी.

"आणि नाही आले तर?"

"तर तुमचं कार्ड मी स्वतः चिकटवेन."

"बघा हं, साक्षीदार आहे," बाई म्हणाल्या, आणि दुरुस्तीच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

कार्ड: दुरुस्तीच्या टेबलाजवळचं

*वापरलेला. डाव्या कोपऱ्याला पोचा. मधलं बटण घट्ट. बाकी ठीक. — आसाहिना*

साक्षीदार ही. आसाहिना चार वर्षांपासून आमच्याकडे दुरुस्ती करते आणि जुन्या मालाची कार्डं लिहिते. मी तिला सांगायचो, जरा सजवून लिही, माल विकायचा आहे. ती म्हणायची, "पोच्याला काय सजवू?"

खटका तीच दाबणार होती. फोनही तिचाच, कारण बाईंच्या फोनची काच तडकलेली आणि तुलनेसाठी काउंटरवर ठेवलेला फोन साखळीनं बांधलेला.

शनिवार, दुकान उघडायच्या आधी

(इथे कार्ड नाही.)

रोज सकाळी मी चोवीस प्लेअर चालू करतो आणि प्रत्येकाचा आवाज बसवतो. आकडा बघून नाही, कानानं. चव बघत मीठ घालतात तसं. बाई गायला लागली, ती पुढे आली, मागे हवा आली, की थांबायचं. काउंटरवरचा फोनही मीच बसवतो. तोही कानानं.

त्या दिवशी प्लेअर कानानं बसवला. फोन बसवला. मग वाटलं, सामना आहे, निदान मोजून घ्यावं. दुरुस्तीच्या टेबलावर एक नकली कान आहे: रबराची पाळी, आत माइक. जुन्या इयरफोनची डावी-उजवी बाजू सारखी वाजते का ते बघायला आसाहिना तो वापरते. मी एकच इयरफोन त्यात घातला. आधी फोनला जोडून बघितला. मग प्लेअरला.

प्लेअर दोन डेसिबलनं जास्त.

दोन डेसिबल म्हणजे काही नाही. दोन डेसिबल कुणालाही आवाज मोठा म्हणून ऐकू येत नाहीत. ते फक्त बरं वाटतं. बाई एक पाऊल पुढे येते. मागे हवा येते.

मी दुसरा प्लेअर लावला. दीड डेसिबल जास्त. तिसरा, दोन. नवव्यापर्यंत गेलो आणि मग मोजणं सोडून दिलं.

वरच्या प्लेअरचा आवाज मी दोन आकड्यांनी खाली आणला आणि ऐकलं. हवा गेली. परत वर नेला. हवा आली. खाली, वर. माझ्याशिवाय हे कोणालाही माहीत नव्हतं. असाच वर नेला तर पाचही जण प्लेअर ओळखणार होते आणि मनापासून शपथेवर सांगणार होते. खिडकी राहणार होती. कार्डांखालचं नाव राहणार होतं.

आसाहिना आली. छत्री उभी केली, माझ्याकडे बघितलं.

"नकली कान तुमच्याकडे कसा?"

"असाच."

"बिघडवू नका हं. त्याचं कार्ड मला लिहावं लागेल."

तिचा फोन मागून घेतला, नकली कानात काउंटरवरच्या फोनएवढाच बसवला, आणि प्लेअरचा आवाज मी खाली आणला. आकड्यावर कागदी पट्टी चिकटवली, म्हणजे माझा हात परत जाणार नाही. मग दुकान उघडलं.

बैठक, वरचा मजला, दुपारी दोन

पाच माणसं. मी स्वतः. एक दातांचे डॉक्टर, ज्यांच्या इयरफोनची तार त्यांच्या स्कूटरपेक्षा महाग आहे. दोघं भाऊ, ते एकमेकांशी बोलत नाहीत पण बैठकीला एकत्र येतात. आणि होरिउचीसान, गॅस कंपनीतून निवृत्त, माझी कार्डं वाचून आजवर तीन प्लेअर घेतलेले. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या, हातात उकडलेली रताळी.

डॉक्टर: सात बरोबर. मोठा भाऊ: पाच. धाकटा: पाच. आपण सारखेच निघालो हे कळल्यावर दोघांनी माना दोन बाजूंना फिरवल्या.

मी: चार.

"चार?" बाई.

"चार," आसाहिना.

"नाणं उडवलं असतंत तर जास्त आले असते, कुसाकासान. रताळं घ्या."

मी घेतलं. गरम होतं. हातात काहीतरी असणं बरं होतं.

होरिउचीसान बसले. खटका टेबलाखाली होता, डोळ्यांवर रुमाल बांधायची गरज नव्हती, तरी बांधला. त्यांना रीतसर करायला आवडतं. पाच वेळा झालं. त्यातले दोन बरोबर. सहाव्यांदा खटका पडला, आणि होरिउचीसान अर्ध्या सेकंदात ओरडले, "फोन! हा फोन! पैज लावा!"

"कसं ओळखलंत?" मी जवळजवळ उठलोच.

"कानात बदक ओरडलं ना!"

आसाहिना लाल झाली. फोनचं नेटवर्क तिनं बंद केलं होतं, पण कोपऱ्यावरच्या दुकानात, नाणं टाकून चालवायच्या धुलाई यंत्रात, तिचे कपडे फिरत होते आणि ते संपायची वेळ तिनं फोनवर लावून ठेवली होती. गजर नेटवर्क नसलं तरी वाजतो. तिचा गजर बदकाचा आहे.

"यंत्रातले कपडे काढून येऊ का? नाहीतर लोक बाहेर काढून ठेवतात."

"आधी उरलेले चार डाव संपव," बाई म्हणाल्या. "कपडे काही पळून जात नाहीत."

तो एक डाव बाद धरला. होरिउचींचे नऊपैकी चार. एकूण एकोणपन्नास डाव, पंचवीस बरोबर.

त्यानंतर

डॉक्टर आपली तार गुंडाळायला लागले, अगदी सावकाश, चार लाख येनची वस्तू गुंडाळतात तशी.

होरिउचीसाननी रुमाल सोडला. "कुसाकासान, पण दुकानात तर मला फरक ऐकू येतो. दर वेळी येतो. खालच्या काउंटरवर. मी वेडा आहे का?"

काहीतरी कारण सांगून मोकळं होता आलं असतं. वय झालं, आज हवा दमट आहे, खटका स्वस्त आहे. असली कारणं या धंद्यात ढिगानं मिळतात.

"तुम्हाला ऐकू येतो कारण प्लेअर दोन डेसिबलनं मोठे लावलेले असतात," मी म्हणालो. "मीच लावतो. मुद्दाम नाही. कानानं लावतो, आणि माझा कान प्लेअरच्या बाजूचा आहे. आज सकाळी मोजलं."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

"म्हणजे ती हवा..."

"दोन डेसिबल."

धाकटा भाऊ हसला. मग मोठा हसला. मग आपण एकत्र हसतोय हे कळून दोघं थांबले. होरिउचीसान हसले नाहीत. त्यांनी कोट घातला, टोपी घातली, आणि जिन्यात बाईंना ओलांडून खाली गेले. नेहमी ते बैठकीनंतर आमच्याबरोबर उदोनच्या जाड शेवया खायला येतात.

"सकाळीच कळलं होतं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि तसंच राहू दिलं असतं तर?"

"पंचेचाळीस आले असते."

त्यांनी उरलेलं रताळं कागदात गुंडाळलं. "वडील म्हणायचे, प्रामाणिक नोकर परवडत नाही. बरं, खिडकी माझी."

"तुमची."

कार्ड: सगळी

नवीन वर्षाच्या पहिल्या सोमवारी चोवीस कार्डं उतरवली. मागे गोंदाचे चौकोन राहिले, ते स्पिरिटनं पुसले. बाईंचं कार्ड मी स्वतः चिकटवलं, सरळ आहे का ते रस्त्यावर जाऊन बघितलं. प्लेअर जिन्याखाली आले. जागा सहाचीच होती. बाकीचे खोक्यात.

सहांसाठी एकच कार्ड लिहिलं. चार वेळा.

*~~हवा~~*

*~~पाऊल~~*

*~~ज्यांना खरंच ऐकायचं आहे त्यांच्यासाठी~~*

*हे फोनपेक्षा चांगले वाजत नाहीत. मोजून पाहिलं आहे. यांना बटणं आहेत, खिशात हात घालून न बघता गाणं बदलता येतं. यांच्यावर कोणाचा फोन येत नाही, बदक ओरडत नाही. बॅटरी तीन-चार वर्षांनी दमते, ती आम्ही बदलतो. — कुसाका*

बाईंनी वाचलं. "ही जाहिरात आहे की पोलिसांना दिलेला जबाब?"

"काढू का?"

"राहू द्या. जिन्याखाली कोण बघतंय."

आसाहिनानंही वाचलं. "बदक कशाला?" एवढंच म्हणाली.

गुरुवार

होरिउचीसान आले. तीन आठवड्यांनी. खिडकीसमोर थांबले नाहीत, सरळ आत येऊन जिन्याखाली वाकले आणि चष्मा वर करून कार्ड वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण वेळ लागला. मी काउंटर पुसत होतो. पुसून झालेला काउंटर.

त्यांनी खिशातून आपला सगळ्यात जुना प्लेअर काढला. मागचं झाकण फुगलं होतं.

"बॅटरी. तुम्ही बदलता असं लिहिलंय."

"बदलतो." फडकं बाजूला ठेवून म्हणालो, "होरिउचीसान, यापेक्षा शेपूट स्वस्त पडेल. वाजेल तसंच."

"मला सांगताय? त्या खुर्चीत मीच होतो ना." प्लेअर त्यांनी काउंटरवर ठेवला. "किशिवादाच्या घरून इथे यायला आगगाडीत चाळीस मिनिटं लागतात. फोन मी घरी चपलांच्या कपाटावर ठेवतो. बायकोला वाटतं विसरलो. तीन वर्षं विसरतोय."

"तिला कळलं नाही?"

"कळलं असेल. तीही त्या चाळीस मिनिटांत मला फोन करत नाही."

आसाहिनानं झाकण उघडलं, फुगलेली बॅटरी चिमट्यानं अलगद काढून वाळूच्या डब्यात ठेवली. नवीन बसवली. अर्धा तास गेला.

प्लेअर सुरू झाला. बॅटरी काढल्यानं आवाजाचा आकडा शून्यावर गेला होता.

मी नकली कानाकडे हात नेला.

"तो नको," होरिउचीसान म्हणाले. "रोज सकाळी लावता तसा लावा."

"दोन डेसिबल जास्त होईल."

"माहीत आहे."

मी त्यांचे इयरफोन कानात घातले आणि आकडा वर नेत गेलो. बाई गायला लागली. ती पुढे येईपर्यंत थांबलो.