उलुरूहून रिकामा आलेला गडवा

मित्रांनो, तुम्ही ज्याला तांब्या म्हणता, त्याला आमच्या कोंढा गावात गडवा म्हणतात. मी तसाच एक जुना, पितळेचा गडवा. भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले आणि धुरपताबाईंच्या लग्नात मी आंदण म्हणून या घरी आलो. धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, मी तोंडावर पळसाचे पान ठेवून शेतावर जात असे. माझ्यातले पाणी पिऊन बाया म्हणायच्या, "कसं गोड लागते व!" पुढे स्टीलची भांडी आली, प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी फळीवर काळवंडत बसलो.

धुरपताबाईंची लेक हर्षा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका शहरात नर्स आहे. गेल्या वर्षी तिने आईला तिकडे बोलावले. त्याच वाळवंटात उलुरू नावाचा भला मोठा लाल खडक आहे, तिथले मूळ रहिवासी, आनंगू लोक, त्याला पवित्र मानतात आणि त्याच्या पायथ्याशी पाणी आहे, असे तिने फोनवर सांगितले. ते ऐकून शेजारच्या कुंताबाई म्हणाल्या, "देवाचं पानी होय ते. गडवाभर आनजो आमच्यासाठी!" धुरपताबाईंनी शब्द दिला. चिंच लावून मला घासले. किती वर्षांनी मी पुन्हा चमकलो! विमानात मी त्यांच्या लुगड्यांत गुंडाळलेला होतो.

मित्रांनो, सकाळच्या उन्हात तो खडक भट्टीतल्या निखाऱ्यासारखा दिसत होता. धुरपताबाईंनी हात जोडले. "वर जाची वाट कुठी हाय?" त्यांनी विचारले.

"वर कोनी चढत नाही, आई," हर्षा म्हणाली. "इथल्या लोकाइले ते आवडत नाही. आता वाट बंदच केली."

आनंगूंपैकी एक आजी पाहुण्यांना जागा दाखवत होत्या. त्या वाळूत बोटाने खुणा काढून पूर्वजांच्या गोष्टी सांगत आणि हर्षा त्या आईला समजावत असे. एका कपारीपाशी आजी म्हणाल्या, "इथे फोटो नको. इथली गोष्ट आम्ही बाहेर सांगत नाही." धुरपताबाईंनी मान डोलावली.

मग आम्ही पाण्याशी आलो. गर्द सावली, गार वारा. धुरपताबाई वाकल्या. माझे तोंड पाण्याला टेकणार, तोच हर्षाने त्यांचा हात धरला. "आधी इचार त्याहिले."

हर्षानेच विचारले. आजी शांतपणे म्हणाल्या, "पाऊस नसतो तेव्हा पाखरे, प्राणी सगळे इथेच येतात. हे पाणी इथेच राहू दे."

"कुंताबाईले शब्द देल्ला मी," धुरपताबाई पुटपुटल्या. त्यांचा हात माझ्या गळ्याभोवती घट्ट झाला होता. मग त्यांनी मला हळूच मागे घेतले.

पुढे झाडाखाली आजींनी लाकडी काठवटीत गवताचे बी घेतले आणि फोलपट वेगळे करू लागल्या. धुरपताबाईंचे डोळे लकाकले. "अवं, हे तं पाखडनं होय!" त्यांनी काठवट मागून घेतली आणि सुपासारखी उडवली. अर्धे बी वाळूत! आजी खळखळून हसल्या. त्यांनी धुरपताबाईंच्या हातांवर हात ठेवले आणि काठवट कशी हलके हलके डोलवायची ते शिकवले. बी एकीकडे, फोलपट दुसरीकडे.

मग आजींनी आपल्या बाटलीतले नळाचे पाणी माझ्यात ओतले. दोघी प्यायल्या. मित्रांनो, मी किती सुखावलो!

गावी परतल्यावर कुंताबाईंनी मला उपडे करून पाहिले. "इतक्या दूर गेली अन् रिकामा आनला?"

"तिथल्या मायनं पानी नेऊ नको म्हटलं. आपल्या देव्हाऱ्यातलं कोनी उचलून नेलं तं तुले चालन का?"

कुंताबाई हळूच म्हणाल्या, "नाही चालन." धुरपताबाईंनी परातीत कोंडा असलेले तांदूळ घेतले आणि कुंताबाईंना ती परात काठवटीसारखी डोलवायला बसवले. पहिल्याच झटक्याला तांदूळ अंगणभर झाले. दोघी हसता हसता वेचू लागल्या. कोंबड्या धावून आल्या.

मित्रांनो, कुणाच्या पवित्र जागी गेलात, तर हात पुढे करण्याआधी विचारा. 'नाही' म्हटले, तर आनंदाने मागे या. भांडे रिकामे परतले म्हणून लाजू नका. मी तर मुळीच लाजलो नाही.