यादीतलं सातवं नाव

बी लुआनला पसारा म्हटला की अंगावर काटा यायचा, आणि तिच्या मते सगळ्यात घाणेरडा पसारा माणसांच्या फोनमध्ये असतो. तिच्या आईच्या फोनकडे तर बघवत नव्हतं. हजारो शुभेच्छांचे फोटो, एकाच मावशीचे पाच नंबर, आणि बॅटरी कायम मरणाच्या दारात.

"मा, हा फोन आहे की शेवटच्या घटका मोजणारा पेशंट?"

"चालतोय ना? मग झालं तर," मा म्हणायची आणि फोन तांदळाच्या डब्यावर ठेवून विसरायची.

वडील गेले तेव्हा बी लुआनने क्वालालंपूरचं काम घरून करायची परवानगी काढली आणि ती पेनांग बेटावर आईकडे येऊन राहिली. रडायला तिला जमेना. मग तिने आवराआवर काढली. स्वतःचा फोन, लॅपटॉप, मनगटावरचं घड्याळ, धाकट्या भावाचा म्हणजे चिन आनचा फोन, माचा फोन आणि स्वयंपाकघरातला टॅब, अशी घरातली सहाही यंत्रं तिने एका खात्याला जोडली. सगळ्यांचं कॅलेंडर एकच. त्यात माची रक्तदाबाची गोळी, गॅसची टाकी, दवाखाना, सगळं. यंत्रांना नावं दिली आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून सुबक अक्षरात खात्याचं नाव आणि पासवर्ड लिहिला.

"चोराची केवढी काळजी तुला, आची," चिन आन म्हणाला. मोठ्या बहिणीला तो आचीच म्हणायचा, चिडवताना जरा लांबवून.

"तू गप. मा, इकडे बघ. कॅलेंडरमध्ये काही आलं की खाली निळं बटण येतं. ते दाबायचं, म्हणजे तू हो म्हणालीस. वाचत बसू नकोस, मी सगळं बघून टाकलेलं असतं."

स्वतःचं काम मात्र नीट व्हावं म्हणून तिने अशी सोय केली की कामाच्या वेळात तिच्या एकाही यंत्राने हूं की चूं करायचं नाही. घरातलं काय असेल ते संध्याकाळी.

वडील बघायला हवे होते, असं तिला फार वाटायचं. पाने, म्हणजे वडिलांनी, जन्मभर शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली, आणि वेळेचा असा पक्का माणूस उभ्या बेटावर नव्हता. घरच्यांना कुठे न्यायचं असलं तरी तो जिना चढायचा नाही. दहा मिनिटं आधीच खाली येऊन दोनदा हॉर्न मारायचा. कुणीही कुठेही निघालं की त्याचं एकच, "छत्री घे." डोक्यावर ऊन रणरणत असलं तरी छत्री घे. मेसेजच्या शेवटीसुद्धा तेच.

चेंग बेंगला, थडगी झाडायच्या दिवसांत, दोघं भावंडं कागदी सामान आणायला गेली. वडिलांना जाळून पाठवायला कागदी सदरा घेतला, कागदी व्हॅन घेतली, आणि चिन आनने कागदी फोन उचलला. सोबत कागदी चार्जरसुद्धा होता.

"पाला तिकडे रेंज मिळेल ना ग?"

"तुझ्यापेक्षा लवकर फोन उचलेल तो," बी लुआन म्हणाली.

पाठवायच्या वस्तूवर आपल्या माणसाचं नावगाव लिहावं लागतं, नाहीतर बेवारस भुतं वाटेतच झडप घालतात. बी लुआनने सदऱ्यावर लिहिलं, व्हॅनवर लिहिलं. फोन हातात घेतला आणि हाताला लागलेल्या सवयीने, बाकीच्या सहांच्या पाठीवर होतं तेच त्याच्याही पाठीवर लिहिलं. खात्याचं नाव. पासवर्ड. चिन आन पोट धरून हसला. मग थडग्यासमोर ते सगळं जळून राख झालं.

पुढच्या आठवड्यात ती खात्याची साफसफाई करायला बसली, तर यंत्रांच्या यादीत सात नावं. सातवं होतं "पा". बॅटरी पूर्ण भरलेली. ठिकाणाच्या जागी काहीच नाही.

"चिन आन, हा तुझा चावटपणा ना?"

"आईशप्पथ नाही." त्याने यादी पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. "आची, काढून टाक ते. पासवर्ड बदल. आत्ता."

ती काढणारच होती. पण तेवढ्यात कॅलेंडरमध्ये एक ओळ उमटली. गॅस संपत आलाय. छत्री घे.

गॅस खरंच संपत आला होता. बी लुआन टाकीला हात लावून तिथेच मटकन बसली, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा हमसाहमशी रडली. मग नाव काढायचं कसं? तुम्ही काढलं असतंत?

तिने ते राहू दिलं, आणि घर असं काही सुरळीत चाललं की विचारू नका. माची गोळी चुकेना. चिन आनच्या मोटारसायकलचा विमा संपायच्या आधी आठवण आली. ती जे टाकायला विसरायची ते आपोआप जागच्या जागी पडलेलं असायचं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी छत्री घे. भीती वाटायची, नाही असं नाही. पण सकाळी उठल्यावर आधी ती त्या ओळीच शोधायची. चिन आनला तिने सांगितलं की नाव काढलं. साफ खोटं.

मग चिनी पंचांगातला सातवा महिना लागला. गल्लीच्या तोंडाशी भुतांसाठी भात, संत्री आणि उदबत्त्या मांडल्या गेल्या. त्या महिन्यात तिकडची दारं उघडतात, ज्याला यायचं तो येतो.

त्यातल्या एका दिवशी दुपारभर पाऊस कोसळत होता. चिन आन कामावर होता. बी लुआनचं काम पाचाला संपलं, यंत्रांना कंठ फुटला, आणि सकाळी आलेली एक ओळ तिच्या मनगटावर थरथरली.

माला न्यायला येतो. साडेपाचला. छत्री नको.

तिने ती पुन्हा वाचली. छत्री नको. खाली माचं नाव होतं आणि नावापुढे टिकलीएवढी हिरवी खूण. मा हो म्हणाली होती.

"अरे देवा! मीच शिकवलं हिला!"

तिने यादी उघडली, "पा"वर बोट ठेवलं. काढून टाकायचं? असं यंत्राने विचारलं. "माफ कर पा," ती मोठ्याने म्हणाली आणि बटण दाबलं. पासवर्ड बदलला. सातवं नाव गेलं, ती ओळ गेली, छत्री घे म्हणणाऱ्या सगळ्या ओळी गेल्या. ती धावत बाहेरच्या खोलीत आली.

मा जिन्याजवळच्या खुर्चीत बसली होती. अंगात ठेवणीतला निळा सदरा, केस चापूनचोपून बसवलेले, पायात बाहेरच्या चपला. फोन मांडीवर.

"मा, कुठे निघालीस? काही नाहीये आज. चुकून आलं होतं, मी काढून टाकलं."

"काढलंस तर काढलंस. वेळ माझ्या लक्षात आहे."

"अग, न वाचता बटण दाबलंस तू!"

मा तिच्याकडे लहान पोरीकडे बघावं तसं बघत राहिली. "लुआन, तुझ्या बापाचं पत्र आलं आणि मी वाचणार नाही होय? वाचलं. सकाळपासून चारदा वाचलं. मग दाबलं."

बी लुआनने दाराला कडी घातली, वर कुलूप लावलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली.

"उगाच कुलूप कशाला ग," मा म्हणाली. "तो कधी वर आलाय का? जेवलीस का तू? भात झाकून ठेवलाय. चिन आनला ओरडू नकोस सारखी."

"मा, नको ना जाऊ. मला एकटीला काही येत नाही. हे सगळं नुसतं आवरणं आहे ग."

बाहेर पाऊस धो धो पडत होता. बी लुआनच्या तोंडाला जे आलं ते तिलाच ऐकवेना. "निदान... छत्री तरी घे."

"नको म्हणालाय ना तो," मा म्हणाली आणि हसली.

साडेपाचला अजून दहा मिनिटं होती. खाली हॉर्न वाजला. दोनदा.

बी लुआन खिडकीकडे झेपावली. खाली रस्ता रिकामा होता, नुसतं पाणी वाहत होतं. ती वळली, तर मा खुर्चीतच होती, मान एका बाजूला कललेली, हसू तसंच. बी लुआनने तिचा हात धरला, हाका मारल्या, गालाला गाल लावला. मग मांडीवरचा फोन घरंगळून जमिनीवर पडला आणि उजळला. सकाळपासून त्याला कुणी चार्जर लावला नव्हता. बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि ठिकाणाच्या जागी काहीच नव्हतं.